बॉनेटवरच्या स्कूपने पिकअप वाढतो का? भोकातून आत गेलेली हवा जाते कुठे, ते आधी बघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका तरुणाकडे २०१५ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. मित्राने आपल्या गाडीच्या बॉनेटवर स्कूप, म्हणजे हवा आत घेणारं उंचवट्यासारखं तोंड, बसवून घेतला आणि तो सांगतोय की पिकअप वाढला, शिवाय उन्हाळ्यात इंजिन गार राहतं. दुकानदार म्हणतो नुसता चिकटवून उपयोग नाही, बॉनेट कापून बसवू, त्याचे पैसे वेगळे. तर घालावेत का पैसे?

वयाने माझ्या मुलाएवढा असशील, म्हणून अरे-तुरे करतो. सत्तावीस वर्षं अक्कलकोट रोडच्या बाजूला गॅरेज चालवतोय आणि स्कूपच्या नादाने मी स्वतः एक बॉनेट कापलंय, त्याचं पुढे सांगतो. तुझ्या गाडीला बसवू नकोस. पण मी नको म्हणतो म्हणून ऐकू नकोस, कारण समजून घे. उद्या दुसरी गाडी घेशील आणि तिच्यावर कंपनीचाच स्कूप असेल, तर तो काढून टाकायला निघशील, तेही चुकीचं होईल.

स्कूप दिसला की एकच विचारायचं: इथून आत शिरलेली हवा पुढे कुठे जाते? तीन-चारच उत्तरं निघतात. एक, बंद नळीतून थेट एअर फिल्टरच्या डब्यात. दोन, इंटरकूलरवर, म्हणजे टर्बोच्या गाडीत इंजिनात जाणारी तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीवर. तीन, नुसतीच इंजिनच्या डोक्यावर सांडते. चार, कुठेच नाही, कारण खाली अख्खा पत्रा आहे आणि वर फायबरचा तुकडा डबल टेपने चिकटवलाय. आपल्या भागात बाहेरून बसवलेले जितके स्कूप मी पाहिले, त्यातले बहुतेक चौथ्या प्रकारचे आणि थोडे तिसऱ्या. पहिल्या प्रकारचा एकही पाहिला नाही.

समजा तुला पहिल्या प्रकारचा करून मिळाला, नळी-बिळी जोडून अगदी व्यवस्थित. तरी मिळतं काय?

धावत्या गाडीच्या तोंडावर हवा आदळते तिचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. मे महिन्यात ४२ अंशाला आपल्याकडची हवा घनमीटरला साधारण १.०६ किलो भरते. ताशी १०० किलोमीटरला तिचा आदळण्याचा दाब होतो ४०० पास्कलच्या आसपास. हा आकडा डोळ्यासमोर येत नसेल तर असं बघ. गवंडी लेव्हल बघायला जी पारदर्शक नळी वापरतात, तिच्यात पाणी भरून एका टोकावर हा दाब दिला, तर दोन टोकांतल्या पाण्याच्या पातळीत चार सेंटीमीटरचा फरक पडेल. आणि आपण ज्या हवेत वावरतो तिचा स्वतःचा दाब सोलापुरात पाण्याच्या जवळपास दहा मीटर उंच खांबाएवढा आहे. दहा मीटरवर चार सेंटीमीटर, म्हणजे ०.४ टक्के. तुझी स्विफ्ट ८४ बीएचपीच्या आसपासची. सगळं जमून आलं तरी वाढ अर्ध्या बीएचपीच्याही आत. तीही ताशी १०० ला आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला असताना. शहरात ४० च्या वेगाला हाच दाब सहा-सात मिलिमीटर पाण्याएवढा उरतो.

ॲक्सिलरेटरचं मुद्दाम म्हणालो. पेट्रोल गाडीत थ्रॉटल बॉडीतली झडप अर्धवट उघडी असते तेव्हा इंजिनची हवा ती झडपच अडवत असते. तेच तिचं काम. तू सात रस्त्यावरून आसरा चौकाकडे निघालास आणि पाव ॲक्सिलरेटर दिलाय, तर झडपेच्या अलीकडे चार सेंटीमीटर जास्त दाब असला काय आणि नसला काय. इंजिनला तेवढीच हवा मिळणार जेवढी तुझा पाय देतोय. पिकअप वाढल्याचा मित्राला जो अनुभव आला, तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. पैसे घातल्यावर माणूस पायही जरा जोरात देतो आणि आवाजही कान देऊन ऐकतो.

भोकाच्या आकाराचंही तेच. दुकानात जेवढा मोठा स्कूप तेवढी किंमत जास्त. तुझं १.२ लिटरचं इंजिन ६,००० आरपीएमला पूर्ण दमात असताना सेकंदाला फार तर ६० लिटर हवा ओढतं. ताशी १०० ला एवढी हवा दोन इंच बाय दोन इंचाच्या भोकातून आत येते. एवढं भोक कंपनीने आधीच दिलेलं आहे. बॉनेट उघड, एअर फिल्टरच्या डब्यातून एक प्लास्टिकचं नाक निघतं, ते कुठे जातं बघ. बहुतेक आधुनिक गाड्यांत ते समोर ग्रिलच्या वरच्या पट्टीशी, नाहीतर हेडलाइटच्या मागे मडगार्डात उघडतं. म्हणजे बाहेरची हवा इंजिनची गरमी लागायच्या आत घेतली जाते. स्कूपने जे मिळवायचं ते तुझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे.

आता दाब बाजूला ठेव आणि तापमानाकडे ये, कारण खरा खेळ तिथे आहे. बाहेर ४२ अंश असताना इंजिनने ६५ अंशाची बॉनेटखालची हवा ओढली, तर प्रत्येक घोटात सात टक्के हवा कमी येते. आत पोचेपर्यंत थंड हवाही थोडी तापतेच, म्हणून ताकदीतला फरक सातच्या निम्म्याच्या आसपास राहतो. तरी ०.४ पुढे तो कितीतरी मोठा. शिवाय हवा फार गरम झाली की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, तिथे अजून थोडी ताकद जाते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे गाडी काढलीस की ती हलकी वाटते ना? तो भास नाही. १५ अंशाची हवा ४२ च्या हवेपेक्षा नऊ टक्के दाट असते. आणि तुझी गाडी सोलापुरातून रत्नागिरीला नेलीस, तर साडेचारशे मीटर खाली उतरल्याने हवेचा दाब पाच टक्क्यांनी वाढतो, स्कूपच्या दहापट. गाड्या बनवणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून कळलेलं आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० ला एअर क्लीनरवर उन्हाळा-हिवाळ्याची खटकी असायची. हिवाळ्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळची (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांजवळची) गरम हवा घ्यायची, उन्हाळ्यात बाहेरची. कितीतरी गाड्या भर मे महिन्यात हिवाळ्याच्या खुणेवर ठेवून माझ्याकडे यायच्या. बोटाने खटकी फिरवली की काम झालं.

मग स्कूपची एवढी ख्याती आली कुठून? अमेरिकेतून, आणि तिथे ती खोटी नव्हती. १९६० च्या दशकातल्या त्यांच्या मोठ्या व्ही-८ गाड्यांत कार्ब्युरेटर इंजिनच्या डोक्यावर, त्यावर ताटासारखा गोल एअर क्लीनर, आणि तो बॉनेटखालची तापलेली हवाच ओढायचा. अशा इंजिनला बॉनेटमधून बाहेरची हवा दिली की फरक पडणारच. १९६९ च्या मस्टँगचा शेकर स्कूप तर थेट इंजिनवरच बसवलेला होता, इंजिन हललं की बॉनेटच्या भोकातून वर आलेला स्कूपही हलायचा. शेवरलेने वेगळी वाट धरली. १९७० च्या शेव्हेल एसएसवर त्यांचा स्कूप उलटा होता, तोंड मागे काचेकडे. बघणाऱ्याला वाटतं उलटा बसवलाय. पण समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवा अडते आणि तिथे दाब वाढतो, म्हणून तिथून हवा घेतली. बॉनेटच्या मधोमध हवा पत्र्याला घासून मंदावलेली असते, आणि नाकाच्या लगेच मागे तर दाब कमी असतो. तिथे चपटा स्कूप ठेवून फारसं काही आत जात नाही. ड्रॅग रेसच्या (सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीच्या) प्रो स्टॉक वर्गातल्या गाड्यांचे स्कूप फूटभर उंच असायचे ते याचसाठी, की पत्र्यापासून दूरची स्वच्छ हवा मिळावी. त्या गाड्या ताशी ३०० च्या वर जातात आणि तिथे मिळकत चार-पाच टक्क्यांवर येते. गंमत म्हणजे २०१६ मध्ये त्या वर्गात कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन सक्तीचं झालं तेव्हा स्कूपही गेले, हवा समोरच्या नाकातून घ्यायला लागले. कावासाकीने २०१६ च्या झेडएक्स-१०आरची ताकद दोन प्रकारे दिली होती: २०० पीएस, आणि रॅम एअर (समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब) धरून २१० पीएस. तेही पाचच टक्के, आणि ती ताशी तीनशेच्या घरात जाणारी मोटारसायकल आहे. आपण मोहोळच्या टोलला ९० ने पोचणारी माणसं.

आता दुसरा प्रकार, इंटरकूलरवाला. इथे माझा सूर बदलतो.

टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा. तो हवा दाबतो तेव्हा ती भयंकर तापते. बाहेर ४२ असेल आणि टर्बोने दाब दुप्पट केला, तर टर्बोतून निघणारी हवा १४० अंशाच्या आसपास असते. ती तशीच इंजिनात घातली तर दाबून उपयोग काय? म्हणून मध्ये इंटरकूलर. तो इंजिनच्या डोक्यावर आडवा बसवला असेल, तर त्याला बाहेरचा वारा मिळायला वाट एकच, बॉनेटमधून. सुबारू डब्ल्यूआरएक्सचा स्कूप त्यासाठी आहे. आपल्याकडे २००९ मध्ये आलेल्या पहिल्या फॉर्च्युनरच्या ३.० डिझेलवर तो होता, जुन्या २.८ च्या पजेरोवरही होता. २०१६ च्या नव्या फॉर्च्युनरमध्ये इंटरकूलर पुढे गेला, तसा बॉनेटवरचा स्कूपही गेला. यावरून समज, कंपनी तो शोभेसाठी ठेवत नव्हती.

चार-पाच वर्षांपूर्वी अशीच एक जुनी फॉर्च्युनर माझ्याकडे आली, एप्रिल-मेचे दिवस. मालक पंढरपूर रोडला शेती करणारे. तक्रार अशी की सकाळी गाडी ठीक पळते, दुपारी भरलेली असली की चढाला दम टाकते. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, कुणी टर्बो बदला म्हणालं होतं, कुणी इंजेक्टर. मी स्कॅनर लावला, काही एरर नाही. होज सगळे दाबून बघितले, क्लिपा बघितल्या, कुठे तेलाचा ओलावा नाही. मग बॉनेट अर्धवट खाली घेऊन टॉर्च मारून बघताना लक्षात आलं. स्कूपच्या खाली, बॉनेटच्या आतल्या बाजूला हवा इंटरकूलरवर नेणारं प्लास्टिकचं तोंड असतं आणि त्याच्या कडेला जाड फोमची पट्टी. बॉनेट बंद झालं की ती पट्टी इंटरकूलरच्या कडांवर दाबून बसते, म्हणजे आलेली हवा त्याच्या जाळीतूनच खाली गेली पाहिजे. या गाडीचं बॉनेट ॲक्सिडेंटनंतर बदललेलं होतं. नव्या बॉनेटला स्कूप होता, रंग सुंदर होता, पण ती पट्टी आणि ते तोंड जुन्या बॉनेटबरोबर भंगारात गेलं होतं. स्कूपमधून आलेली हवा जाळीतून जायच्या ऐवजी बाजूने निसटत होती. इंटरकूलरच्या जाळीत डेंटिंगच्या वेळची पुट्टीची भुकटीही बसलेली. जाळी धुतली, तोंड मागवलं, पट्टी बसवली. इंटरकूलरच्या कडांना खडू लावून बॉनेट बंद केलं, उघडलं आणि पट्टीवर खडूची रेघ सलग उमटली का ते बघितलं. एका कोपऱ्यात तुटत होती, तिथे अजून एक थर दिला. त्या मालकांनी तुळजापूरचा घाट चढून येऊन मला फोन केला. टर्बो तोच आहे अजून.

म्हणून म्हणतो, कंपनीचा स्कूप असलेली गाडी कुणाकडे असेल तर बॉनेटचं काम करून घेताना ती पट्टी परत लागली का, हे स्वतः बघून घ्या. पेंटवाल्याच्या ध्यानात ते राहत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, इंजिन गार राहण्याचा. इथे तर तोटाच होऊ शकतो, आणि हे कुणी सांगत नाही. रेडिएटरमधून हवा आरपार जाते, कारण पुढे दाब जास्त आणि मागे, इंजिनच्या पेटीत, कमी. तू बॉनेट कापून पुढे तोंड असलेला स्कूप बसवलास आणि वाऱ्याचा झोत इंजिनच्या पेटीत सोडलास, की मागचा दाब वाढतो. पुढचा-मागचा फरक कमी, तर रेडिएटरमधून जाणारी हवा कमी. वरून इंजिनच्या झाकणाला वारा लागेल, पण कूलंट तापेल. इंजिन गार ठेवायचं काम झाकणाला फुंकर घालून होत नाही, ते रेडिएटरमध्ये होतं. रॅलीच्या, रेसच्या गाड्यांच्या बॉनेटवर जी भोकं दिसतात, त्यातली बरीच गरम हवा बाहेर काढायला असतात, तोंड मागे, आणि तीही कमी दाबाची जागा मोजून ठेवलेली. दिसायला दोन्ही सारखीच, काम बरोबर उलटं.

आणि पाणी. हा माझा स्वतःचा अनुभव. २००१ च्या सुमारास माझ्याच ८०० चं बॉनेट मी कापलं, सुरेख स्कूप बसवला, खाली नळी-बिळी काही नाही. जूनमध्ये पहिल्या पावसात तुळजापूरहून येताना तामलवाडीच्या अलीकडे गाडी बंद पडली. प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपवर थेट पाणी. शर्टाने पुसून, कॅप वाळवून निघालो, दोन किलोमीटरवर परत बंद. बायको आणि लहान मुलगा गाडीत. त्या रात्री ठरवलं, कुणाच्या बॉनेटला विनाकारण पाना लावायचा नाही. तुझ्या गाडीत डिस्ट्रिब्यूटर नाही, पण प्लगना ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइल्स वरच बसलेल्या असतात आणि वायरिंगचे कनेक्टर भरपूर. स्कूपची नळी थेट एअर फिल्टरला जोडलीस तर त्याहून वाईट. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपन्या नळीत वळण आणि पाणी गळायची जागा ठेवतात, दुकानदार ठेवत नाही. उन्हाळ्यात तर आपली धूळ आहेच, फिल्टर निम्म्या दिवसांत भरेल.

कागदपत्रांचं एका वाक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनीचा सर्व्हेअर कापलेलं बॉनेट बघून प्रश्न विचारणार, तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनी दोन्हीकडे आधी विचारल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर मोजून बघ. मला ते जास्त आवडेल. हजार रुपयांच्या आतबाहेर ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर मिळतो (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र), तो लाव आणि मोबाइलवर इनटेक एअर टेंपरेचर, म्हणजे इंजिन ओढतं त्या हवेचं तापमान, लावून ठेव. दुपारी सिग्नलला उभा राहा, आकडा चढत साठकडे जाताना दिसेल. मग पुणे रोडला मोकळ्या रस्त्यावर ८० ने दहा मिनिटं चालव. आकडा बाहेरच्या तापमानाच्या पाच-सात अंश वर येऊन थांबला, तर तुझं नाक बरोबर जागी आहे आणि स्कूपला कमवायला काही शिल्लक नाही. चालत्या गाडीतही वीस-पंचवीस अंश वर राहत असेल, तर गडबड आहे. बहुतेक वेळा ती एकच निघते: सर्व्हिसिंगमध्ये फिल्टर बदलताना नाक काढलं आणि नीट परत खोचलं नाही, किंवा क्लिप तुटली म्हणून तसंच सोडलं. महिन्याला अशा दोन-तीन गाड्या मला सापडतात. मित्राच्या गाडीवरही तपासता येईल. बॉनेटवर स्कूपच्या आजूबाजूला बोटभर लांबीचे लोकरीचे धागे टेपने चिकटवा आणि शेजारून दुसऱ्या गाडीतून कुणाला तरी व्हिडिओ काढायला लावा. धागे स्कूपच्या तोंडात न शिरता दोन्ही बाजूंनी वळून जाताना दिसले, की हवा आत जात नाहीये हे त्यालाही पटेल.

त्याच पैशात मी काय करीन, तेही सांगतो. आधी रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसी कंडेन्सर यांच्या मधली फट साफ करून घे. आपल्याकडे तिथे माती, कापसाचे तंतू, चिलटं यांची गादी बसते, बाहेरून बघून कळत नाही. पाणी मागून पुढे मारायचं, आणि प्रेशर गन लांब धरायची, नाहीतर पाती वाकतात. कूलंटमध्ये नळाचं पाणी ओतत आला असशील तर सगळं काढून योग्य मिश्रण भर. फॅन दोन्ही स्पीडला लागतो का बघ. बंपरच्या आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या जागच्या जागी आहेत का बघ, त्या हवा रेडिएटरकडे वळवतात आणि किरकोळ धडकेनंतर पहिल्यांदा त्याच गायब होतात. एअर फिल्टर, प्लग, टायरची हवा. गाडी ९०,००० किलोमीटर पळाली असेल तर क्लच घसरतोय का तेही बघ, पिकअप गेल्याची निम्मी तक्रार तिथेच असते. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावायचा मोह होईल, आवाज छान येतो, पण तो गरम हवाच ओढतो.

आणि स्कूप दिसायला आवडतो म्हणूनच हवा असेल तर तसं सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पत्रा न कापता, हलक्यातला, कडा गोल असलेला बघ, म्हणजे कुणाला लागला तरी चिरणार नाही. आणि बसवताना बॉनेटच्या मागच्या बाजूला ठेव, समोरचा रस्ता झाकणार नाही एवढाच उंच.

पण त्याआधी उद्या सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघड, एअर फिल्टरच्या डब्यापासून त्या प्लास्टिकच्या नाकावर हात फिरवत पुढच्या टोकापर्यंत जा, आणि ते टोक कशात खोचलंय की नुसतंच लोंबतंय याचा फोटो काढून पाठव.